इंजिन न उघडता रस्त्यावर आलेली पिकअप : देवगड तालुक्यातलं एक प्रकरण

गाडी महिंद्राची बोलेरो कॅम्पर. डबल केबिन, मागे हौदा, २५२३ सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन, २००६चं पासिंग, नंबर एमएच-०७चा. मूळ मालक आंबा बागायतदार. २०२०च्या ऐन हंगामात टाळेबंदी लागली, त्याच वर्षी मालक वारले, आणि बागेतल्या मांगराच्या, म्हणजे शेतघराच्या, पडवीत लावलेली गाडी तिथेच राहिली. पाच पावसाळे. २०२४च्या दिवाळीनंतर त्यांच्या धाकट्या भावाने ती ट्रॅक्टरला बांधून गॅरेजात आणली. त्यांची मागणी सरळ होती: रोज बागेत जायला, गडी न्यायला आणि मार्चपासून पेट्या वाहायला गाडी हवी. नव्यासारखी दिसली नाही तरी चालेल, वाटेत बंद पडता कामा नये.

मी आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक ट्रेड शिकवतो. गॅरेजवाला मेकॅनिक माझा जुना विद्यार्थी, म्हणून हे काम मला सुरुवातीपासून बघता आलं आणि त्याची वहीही चाळता आली.

गाडी गॅरेजात येण्याआधीच या भावाला, म्हणजे आताच्या मालकांना, गावभर सल्ले मिळाले होते. एक म्हणाला भंगारात द्या. दुसरा म्हणाला पंप-नोझलपासून लायनर-पिस्टनपर्यंत इंजिनचं पुरं काम करून घ्या, म्हणजे दहा वर्षं बघायला नको. तिसऱ्याचं म्हणणं, आधी डेंटिंग-पेंटिंग करा, गाडी बरी दिसली की पुढचा हुरूप येतो. तिन्ही सल्ल्यांत एक गोष्ट धरून चाललेली होती, की गाडी जुनी म्हणजे झिजलेली. गॅरेजातले म्हातारे हेल्पर मात्र गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "गाडी चलली तर झिजता, उभी रवली तर कुसता." पुढचं सगळं काम या फरकावर उभं राहिलं. रिंगा, लायनर, बेअरिंगं झिजतात ती किलोमीटरने. रबर, ब्रेक ऑइल, पत्रा, वायरींचे सांधे आणि टाकीतलं डिझेल बिघडतं ते नुसतं राहून. ही गाडी मूळ मालकाने नियमित ऑइल बदलून वापरलेली होती, तशी बिलं डॅशबोर्डच्या खणात निघाली. म्हणजे कुजलेलं आधी शोधायचं आणि झिजलेलं पुराव्याशिवाय मानायचं नाही.

पहिल्या दिवशी मालकांनी नवी बॅटरीच सोबत आणली होती. मेकॅनिकने ती बाजूला ठेवली. "काका, आज सेल्फ मारूचो नाय." मालकांचा चेहरा पडला, पण एअर फिल्टरचं झाकण उघडल्यावर त्यांनाही पटलं. आत उंदराने पेंढा आणि सुक्या पानांचं घरटं केलं होतं, आणि फिल्टरचा कागद कुरतडून आरपार भोक पाडलं होतं. उत्साहाच्या भरात चावी फिरवली असती तर तो कचरा सरळ सिलिंडरात गेला असता. सिलिंडरात डिझेल फवारणारी चारही नोझल काढून तपासणीला पाठवली, त्या भोकांतून थोडं थोडं इंजिन ऑइल सोडलं, रात्रभर मुरू दिलं आणि दुसऱ्या दिवशी क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. आधी जड गेलं, मग सैल झालं. नवं ऑइल आणि फिल्टर घालून, नोझल बाहेर ठेवूनच, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला. नोझलच्याच जागी गेज लावून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजलं. अशा तपासणीत एकेका आकड्यापेक्षा चार आकड्यांमधला फरक जास्त बोलतो. इथे चारही जवळजवळ सारखे निघाले. पुढे इंजिन चालू झाल्यावर पांढऱ्या धुराचा लोट उठला आणि गरम होताच विरळ झाला. निळा धूर नाही, ऑइल भरायच्या झाकणातून वाफेचे झोत नाहीत, म्हणजे झिजेची खूण नाही.

मग इंजिन उघडायचं नाही असं त्याने ठरवलं, आणि या निर्णयावरून त्याला बरंच ऐकून घ्यावं लागलं. मला तो बरोबर वाटतो, आणि आपल्याकडे असा निर्णय फार कमी घेतला जातो असंही वाटतं. "इंजिन काम केलंय" हे वाक्य विकायला सोपं आहे. गिऱ्हाइकालाही पैसे कुठे गेले ते दिसतं. पण धडधाकट इंजिन उघडलं की लेथवाल्याचं बोरिंग, बाजारातल्या गॅस्केटचा दर्जा, हेडच्या बोल्टांचा ताण अशा नव्या शंका गाडीत शिरतात, आणि जुनी खात्री हातची जाते. त्याने व्हॉल्व कव्हरचं गॅस्केट, पुढचं ऑइल सील, पट्टे आणि सगळे रबरी होज बदलले. वॉटर पंपाचं बेअरिंग गंजून कुरकुरत होतं, म्हणून पंपही नवा. इंजिनचा विषय तिथे संपला.

ब्रेकवर मात्र त्याने सगळ्यात जास्त वेळ घातला. पेडल तळाला जात होतं आणि टाकीतलं ब्रेक ऑइल कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि कोकणातल्या हवेला ओल कमी नाही. डॉट ३ दर्जाचं ब्रेक ऑइल कोरं असताना किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओल पिऊन झालं की ही हमी १४० अंशांवर येते. सपाटीवर याचा पत्ता लागत नाही. घाट उतरताना ड्रम तापतात, ऑइल उकळून वाफ होते आणि पाय नुसताच खाली जातो. देवगड-निपाणी रस्त्याने वर जाणाऱ्याला फोंडा घाट चुकत नाही, त्यामुळे हा मुद्दा पुस्तकी नव्हता.

पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर आणि मागच्या चाकांतले दोन्ही व्हील सिलिंडर आतून गंजाने खड्डे पडलेले. किट घालून ते सुधारतात असं सांगणारे भेटतात. पण खड्ड्यांवरून नवं रबर फिरलं की ते थोड्याच दिवसांत कापलं जातं, म्हणून तिन्ही नवे बसवले. पुढच्या डिस्क चिमटीत धरणारे कॅलिपर उघडल्यावर एक पिस्टन साफ निघाला, तो नव्या सीलवर भागला. दुसरा गंजलेला होता, तो अख्खा कॅलिपर बदलला. लोखंडी पाइप वरून ठीक दिसत होते, पण चासीला जिथे क्लिपने धरले होते तिथे क्लिपखाली पत्र्यासारखे पातळ झाले होते. सगळे नवे वाकवून घातले. रबरी होजचं दुखणं आणखी फसवं. बाहेरून एक चीर नाही, आतून फुगून भोक बुजलेलं. पायाच्या जोराने ऑइल आत जातं, पण परत येत नाही, आणि चाक धरून राहतं. असं चाक धरलं की लोक कॅलिपरला दोष देतात.

आता मागच्या डाव्या चाकाची गोष्ट. ड्रम काढला तर ब्रेकचे लायनर ऑइलने चिंब. जुन्या बिलांत दिसलं की त्या बाजूचं ॲक्सलचं ऑइल सील पूर्वी दोनदा बदललं गेलं होतं. दोन्ही वेळा सील बदलून गाडी परत दिली गेली आणि सील का गेलं हे कुणी विचारलं नाही. मेकॅनिकने ॲक्सलच्या वरच्या अंगाला असलेला ब्रीदर, म्हणजे आतली हवा सोडणारं छोटं तोंड, शोधला. शोधलाच म्हणायचं, कारण तांबडी माती आणि तेलकट चिखलाच्या थराखाली तो दिसतही नव्हता. गाडी पळू लागली की डिफरन्शियलमधलं ऑइल तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. ब्रीदर बुजला की तो दाब सीलवर येतो, सीलच्या ओठाखालून ऑइल चाकाकडे सरकतं आणि लायनर भिजतात. म्हणजे मागचा एक ब्रेक कितीतरी वर्षं अर्धाच लागत असणार. ब्रीदर साफ करून त्याला लांब नळी जोडली आणि नळीचं तोंड हौद्याखाली उंच बांधलं. सील नवं, लायनर दोन्ही बाजूंचे नवे. एकाच बाजूचे बदलले की गाडी ब्रेकला ओढते.

ती तेलकट चिखलाची वाकळ आली कुठून? दर मे महिन्यात गाडीच्या पोटाला जळकं ऑइल फवारून घ्यायची आपल्याकडची पद्धत. गंजाला थोडा आळा बसतो हे खरं. पण धूळ त्यावर चिकटून बसते, ब्रीदर बुजतात, रबरी बुश फुगून मऊ पडतात, आणि पहिल्या पावसात ते ऑइल ओघळून शेवटी कुणाच्या तरी विहिरीकडे जातं. इतकं उघड कारण समोर असूनही मेकॅनिकने काम संपताना पुन्हा जळकं ऑइल फवारायचं काढलं. त्यावर आमचा वाद झाला. चासीच्या पोकळ भागांत आतून मेण सोडावं आणि बाहेरून अंडरकोट मारावा असं माझं म्हणणं. त्याचं म्हणणं, मेण इथे मिळत नाही आणि गिऱ्हाइकाला ऑइलचीच सवय. शेवटी पोकळीत त्याने ऑइलच सोडलं, बाहेरून मात्र अंडरकोट मारला. मला हे अजूनही पटलेलं नाही.

मागच्या ॲक्सलजवळचा भारानुसार ब्रेकचा जोर ठरवणारा व्हॉल्वही गंजून अडकला होता. अनेक जण तो काढून पाइप सरळ जोडून टाकतात. मग रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी फिरते. रोज सकाळी रिकामी जाऊन दुपारी भरून येणाऱ्या गाडीला हा व्हॉल्व हवाच, म्हणून तो मिळवून बसवला. ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्युम लागतो, पण डिझेल इंजिनाला पेट्रोलसारखा इनटेकमधून व्हॅक्युम मिळत नाही. इथे व्हॅक्युम पंप अल्टरनेटरच्या पाठीला जोडलेला आहे. त्यामुळे पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर ब्रेकचं बळही जातं, हे मालकांना दोनदा सांगून ठेवलं. बूस्टरची परीक्षा साधी: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, मग दाबूनच ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली बसलं की बूस्टर ठीक.

चासी हातोडीने ठोकून आवाजावर तपासली. ठणठणीत आवाज आला ते सोडलं, बद्द आवाज आला तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला. मागचा आडवा चॅनेल आणि हौद्याचे दोन आधार पार गेले होते. पाण्याच्या निचऱ्याची भोकं मातीने बुजून चासीत पाणी साठत राहिल्याचा हा परिणाम. आडवा चॅनेल नवा घडवला. लांब चॅनेलवरच्या ठिगळांची टोकं तिरकी कापली, कारण चासीवर उभी आडछेदी वेल्डिंग मारली की नेमकी तिथेच पुढे चीर जाते. वेल्डिंगआधी बॅटरी आणि अल्टरनेटरची जोडणी सोडवली. स्प्रिंगच्या पाट्यांमध्ये गंज फुगून फटी पडल्या होत्या. पाटे सोडवून, घासून, ग्रीस लावून परत बांधले. तुटलेला एक पाटा वेल्ड न करता बदलला, तापलं की त्या पोलादाचा कस जातो. यू-बोल्ट आणि बुश नवे.

रेडिएटर काढून साफ करायला दिला आणि मध्येच कळलं की थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व, जागेवर नाही. कुणीतरी पूर्वीच "गाडी तापते" म्हणून काढून टाकलेला. हा आपल्याकडचा जुना रोग. थर्मोस्टॅट काढला की इंजिन नीट तापतच नाही, ऑइलमध्ये ओल राहते, डिझेल जास्त जातं, आणि मूळ तापण्याचं कारण, इथे अर्धा तुंबलेला रेडिएटर, तसंच राहतं. नवा थर्मोस्टॅट, नवी कॅप. कॅपचंही महत्त्व कमी लेखू नये, दाब एक बार वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. कोकणात कूलंट कशाला, इथे काय बर्फ पडतो, असं मालकांनी विचारलं. कूलंट इथे गंजासाठी घालायचं. विहिरीचं पाणी ओतत राहिल्यानेच रेडिएटरची ती गत झाली होती.

डिझेलची टाकी खाली घेतली. तळाला पाणी, आणि पाणी व डिझेल भेटतात त्या थरात काळी बुळबुळीत बुरशी. टाकीच्या ब्रीदरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर बांधलं होतं. ते तसंच राहिलं असतं तर टाकीत व्हॅक्युम धरून गाडी दर थोड्या अंतराने बंद पडली असती आणि दोष पंपावर गेला असता. टाकी धुतली, परतीच्या नळ्या आणि दोन्ही फिल्टर बदलले. डिझेलचा यांत्रिक पंप चाचणीच्या बाकावर लावून तपासला, फक्त बाहेरचे सील गेले होते.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली होती. गिअरबॉक्स उतरवण्याआधी त्याने जुना उपाय केला. इंजिन गरम केलं, पुढच्या चाकांना अडण्या लावल्या, मागची चाकं घोड्यांवर उचलली, गिअर टाकून क्लच दाबून धरला आणि ब्रेकला हलके झटके दिले. प्लेट सुटली. वायरिंगमध्ये उंदराने खाल्लेला भाग नवा ओढला, इंजिन ते चासी ही अर्थिंगची पट्टी बदलली आणि हेडलाइटला रिले लावले. बाकीचं ठीक होतं.

टायरांवरून मालक अडले. नक्षी पुरी होती, "ह्यो टायर अजून नवो आसा!" मेकॅनिकने टायरच्या अंगावरचे शेवटचे चार आकडे दाखवले. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: ३११५ म्हणजे २०१५चा एकतिसावा आठवडा. कडेला बारीक भेगाही होत्या. पाचही टायर बदलले. खर्चाच्या वहीत सगळ्यात मोठा आकडा टायरांचा आहे, त्याखालोखाल ब्रेकचा. बॉडीवर फक्त केबिनच्या तळाची आणि हौद्याची भोकं बुजवली, फाळक्याच्या बिजागऱ्या बदलल्या आणि तेवढ्यापुरता रंग मारला. दारावरचा जुना पोचा तसाच आहे. मालकांच्या पुतण्याला ते आवडलेलं नाही.

कागदांचं काम गॅरेजच्या कामाला समांतर चालू ठेवलं हे बरं झालं. मूळ मालक वारलेले असल्याने आधी वारसाच्या नावावर हस्तांतर, त्यासाठी नमुना ३१. थकलेला कर, जुन्या गाडीवरचा पर्यावरण कर, विमा, २०१९च्या आधीची गाडी म्हणून नवी उच्च सुरक्षा नंबरपट्टी. मालवाहू गाडी आठ वर्षांची झाली की फिटनेस दरवर्षी घ्यावं लागतं आणि पंधरा वर्षांवरच्या गाड्यांचं शुल्क एप्रिल २०२२पासून बरंच वाढलं आहे, तेही धरून चालावं लागतं. पीयूसीत या पिढीच्या डिझेल गाडीला धुराची मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिटची (हे धुराच्या दाटपणाचं माप), त्यात ती आरामात बसली. मालकांकडे फक्त हलक्या वाहनाचा परवाना होता. त्यावर मालवाहू पिकअप चालते का, ही त्यांची धास्ती होती. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ६ नोव्हेंबर २०२४लाच निकाल दिला होता, की ७,५०० किलोपर्यंतच्या अशा वाहनाला तो परवाना पुरतो.

रस्त्यावरची परीक्षा आधी रिकाम्या गाडीने घेतली, नंतर हौद्यात चिरे भरून. फोंडा घाट चढताना तापमानाचा काटा मधोमध राहिला. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये, मध्ये दोनदा थांबून चारही चाकं तपासली. मागचं उजवं चाक बाकीच्यांहून स्पष्ट गरम लागलं. ब्रेकचं नवं काम संशयाखाली आलं, पण निघाली हँडब्रेकची केबल. आवरणात गंजून ती पूर्ण सुटत नव्हती. ती बदलून पुन्हा घाट उतरला, तेव्हा मागची दोन्ही चाकं सारखीच गरम होती.

गाडी फेब्रुवारीत मालकांच्या ताब्यात गेली आणि तेव्हापासून रोज चालते आहे. पहिलं इंजिन ऑइल मुद्दाम लवकर बदललं, कारण उभ्या राहिलेल्या इंजिनात बसलेला मळ नव्या ऑइलने सुटतो. डिझेल फिल्टरही त्याच वेळी पुन्हा बदलला, त्यात थोडी काळी बुरशी सापडलीच. तिसऱ्या गिअरला घरघर आहे. ती झीज आहे, कुजणं नव्हे, आणि हंगाम संपल्यावर गिअरबॉक्स उतरवून बघायचं ठरलं आहे. त्याच वेळी क्लच प्लेटही हाताशी येईल. पावसाळ्याआधी वायपरची मोटर आणि दारांची रबरं करायची राहिली आहेत.